टेबलाखालचा सात नंबर

मंगळवार, नऊ जुलै. सकाळचे साडेअकरा. चामोर्शीच्या पुढचं एक तालुक्याचं गाव, तिथलं एक सरकारी कार्यालय.

हजर: बोरकुटे बाबू, टेबल क्रमांक सात. मैनाबाई मडावी, बोडीटोल्याच्या वनहक्क समितीच्या अध्यक्ष, आणि त्यांच्यासोबत आलेली गावची चार माणसं. शेखभाऊ, आमचे वायरमन. मी. शिवाय बारा टेबलांवर बारा नवे संगणक, बाराही चालू, बाराही दिवे हिरवे.

गैरहजर: सर्व्हर.

कामावर पोचलं की आधी तारीख, मग हजर-गैरहजर, मग काम, अशी नोंद करायची माझी सवय आहे. नोकरीत अशा एकोणीस वह्या भरल्या. घरचे हसतात, पण कुणाच्या लग्नात कोण आलं नव्हतं हे आठवायचं असलं की माझ्याकडेच येतात. चंद्रपूरच्या एका लहानशा फर्ममध्ये मी काम करते. इथल्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या कार्यालयांत संगणक बसवणे, ते चालू ठेवणे आणि बंद पडले की बोलणी खाणे, असं कामाचं स्वरूप आहे. तिसरं काम करारात लिहिलेलं नाही, पण सगळ्यांत नियमितपणे तेच होतं. कार्यालयांमध्ये मला ‘लिस्टवाल्या बाई’ म्हणतात. मला ते आवडतं, हे मी कुणाला कळू दिलेलं नाही.

त्या दिवशी काय अडलं होतं ते समजायला संगणकाच्या दोन जाती माहीत पाहिजेत. आमच्या धंद्यात त्यांना थिक क्लायंट आणि थिन क्लायंट म्हणतात. शेखभाऊ जाड्या आणि बारक्या म्हणतात, तेच सोपं आहे.

जाड्या म्हणजे टेबलाखाली ठेवलेला मोठा पत्र्याचा डबा. मेंदू स्वतःचा, डिस्क स्वतःची. दिलेलं काम तो स्वतः करतो आणि केलेलं काम स्वतःच्या पोटात ठेवतो. तार असो नसो, वीज असली की चालतो. बारक्या हा जेवणाच्या डब्याएवढा. त्याच्यात जवळपास काहीच नसतं. तुम्ही दाबलेलं अक्षर तारेतून जिल्ह्याच्या ठिकाणी जातं, तिथे सर्व्हर नावाच्या मोठ्या यंत्रावर उमटतं आणि त्याचं चित्र तुमच्या पडद्यावर परत येतं. तुम्हाला वाटतं काम समोर चाललंय. ते चाललेलं असतं साठ-सत्तर किलोमीटरवर, एका थंडगार खोलीत, जिथे चपला काढून जावं लागतं.

मी बारक्याच्या बाजूची. नोकरी म्हणून नव्हे, मनापासून. राजुऱ्याकडे जाड्यांचे डबे कोळशाच्या धुळीनं दोन वर्षांत गुदमरायचे. बारक्याला पंखाच नाही, तो धूळ ओढणार कशानं. गोंडपिपरीला एका डब्यात उंदरीण व्यायली होती. तिथला बाबू म्हणाला, चार दिवस थांबा बाई, डोळे तं उघडू द्या. थांबलो. बारक्यात उंदरीण मावत नाही. बारक्या बिघडला तर दुसरा ठेवायचा, काम जिथे थांबलं तिथून पुढे चालू. पेन ड्राईव्हची खाच बंद असते, त्यामुळे व्हायरस नाही. सगळी माहिती एका जागी, एका कुलपात. ही यादी मी बैठकांमध्ये इतक्या वेळा म्हटली आहे की झोपेतही क्रम चुकणार नाही.

यादीच्या शेवटी एक ओळ असते, ती मी जरा भरभर म्हणते: तार तुटली की बारक्या म्हणजे हिरवा दिवा लावलेला डबा.

त्या मंगळवारी तार तुटली होती. रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीनं सकाळीच ती उचकटली होती. जोडणारी माणसं खड्ड्यात उतरली होती, आणि शेखभाऊ त्यांना चहा पाजायला गेले. आमच्या धंद्यात हे तांत्रिक काम समजलं जातं.

बोडीटोल्याची माणसं सकाळी पहिल्या एसटीनं आली होती. गावानं जंगलावरच्या सामूहिक हक्काचा दावा केला होता. त्यासाठी गावच्या सीमेच्या नोंदी लागतात. हातात जीपीएस यंत्र घेऊन सीमेवरून चालायचं, खुणेच्या प्रत्येक जागी थांबून नोंद घ्यायची. मैनाबाईंचे सासरे देवाजी पुढे, गाव मागे, आणि बोरकुटे बाबू पायजमा खोचून सोबत, असे ते बारके येण्याआधी तीन दिवस चालले होते, आणि नोंदी बाबूंच्या तेव्हाच्या संगणकात गेल्या होत्या. कागदाची फाईल सहीला वर गेली आणि अजून प्रवासात आहे. आता वरून पत्र आलं होतं: सीमेच्या नोंदी नऊ जुलैला पाच वाजेपर्यंत सादर करा, अन्यथा दावा अपूर्ण म्हणून परत करण्यात येईल. पत्र कार्यालयात आठ दिवस आधी आलं होतं. गावाला आदल्या संध्याकाळी कळलं.

पुन्हा मोजता आलं असतं, पण देवाजी चैत्रात वारले. कोणत्या मोहाच्या झाडापासून कोणत्या दगडापर्यंत, हे एकट्या त्यांनाच पाठ होतं.

बाकावर बसून मैनाबाई बराच वेळ त्या बारा हिरव्या दिव्यांकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी मला विचारलंच, सगळे पेटून राह्यले, मंग काम काऊन नाई होत? मी त्यांना जाड्या-बारक्याचं सांगितलं, बैठकीत सांगते त्यापेक्षा जरा नीट.

“म्हंजे घरची ढोली आन गावची कोठी,” त्या म्हणाल्या.

चोवीस वर्षांत मला याहून चांगलं सांगता आलं नव्हतं. ढोली म्हणजे घरातली धान्याची कणगी, ज्याची त्याची. कोठी सगळ्या गावाची.

“कोठी चांगली,” त्या म्हणाल्या. “आमच्या गावात हाये. उंदीर लागत नाई, कोनाचं धान कमी पडलं तं देता येते. पन कोठीले दोन कुलपं, आन दोन चाब्या दोन घरी. तुमच्या कोठीची चाबी कोनापाशी रायते?”

मी म्हटलं, जिल्ह्याला.

“आन थो आज कुठी गेला?”

बोरकुटे बाबू फाईलमध्ये तोंड घालून हसले. मी वहीत काहीतरी लिहिलं. बघितलं तर नुसती रेघ होती.

इथे दोन वर्षं मागे जावं लागेल. या कार्यालयात बारके मीच बसवले. त्या दिवशीची यादी माझ्यासमोर आहे. बारा ओळी, पाच रकाने: क्रमांक, जुना संगणक, नक्कल घेतली, डिस्क पुसली, सही. जुन्या डिस्कवरच्या फायली सर्व्हरवर चढवायच्या, मग ज्या त्या बाबूनं डिस्क काढून द्यायची आणि आम्ही ती कायमची पुसायची, म्हणजे सरकारी माहिती भंगारात जाणार नाही. काम दोन दिवसांत झालं. अडचण आली ती हस्तांतराच्या सहीला.

तिथल्या मोठ्या बाबूंनी स्टॉक रजिस्टर उघडलं. त्यात दर टेबलापुढे लिहिलं होतं: मॉनिटर एक, कीबोर्ड एक, सीपीयू एक. टेबलाखाली सीपीयू दिसत नाही, म्हणून सही होणार नाही. मी म्हटलं, आता त्याची गरजच नाही. ते म्हणाले, गरज नाही हे ठीक, पण नाही हे ठीक नाही. निर्लेखन, म्हणजे रजिस्टरातून नाव कमी, झाल्याशिवाय वस्तू जागेवर पाहिजे, आणि निर्लेखनाची समिती बसायला वर्षं जातात. मग आम्ही डिस्क काढलेले बारा रिकामे डबे पुन्हा बारा टेबलांखाली ठेवले. सही झाली. एक शिपाई त्यातल्या एका डब्यात छत्री ठेवायला लागला, दुसऱ्यात चहाचे कप गेले. हा किस्सा मी पुढे कितीतरी ठिकाणी सांगून हशा मिळवला आहे.

बारा डबे मोजले होते. डिस्का मात्र अकराच हाती आल्या. सात नंबरच्या डिस्कबद्दल बोरकुटे बाबू म्हणाले की नक्कल घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती जळाली आणि दुरुस्तीवाला घेऊन गेला. कोण दुरुस्तीवाला, ते आठवत नव्हतं. आमचे साहेब म्हणाले, ‘अप्राप्त’ लिहा आणि यादी मिटवा. मला ते जमलं नाही. यादीत एक घर रिकामं असलं की मला दातात काही अडकल्यासारखं होतं. दर महिन्याला मी बाबूंना फोन करायची: डिस्क जळाल्याचा निदान दाखला तरी द्या.

“बाई, सासू सुनेच्या मांगं लागत नाई एवढ्या तुमी त्या सात नंबरच्या मांगं लागल्या,” ते म्हणायचे, आणि विषय धानावर न्यायचे.

याच बोरकुटे बाबूंचं उदाहरण मी प्रत्येक बैठकीत देत होते, हेही लिहिलं पाहिजे. तार किती वेळा तुटली याचा तक्ता माझ्याकडे असतो. बाकीच्या टेबलांचं काम तितके दिवस मागे पडायचं. सात नंबरचं कधीच पडायचं नाही. तार आली की तासाभरात सगळ्या नोंदी चढलेल्या. मी ते ‘उत्तम नियोजन’ या मथळ्याखाली अहवालात घातलं होतं आणि त्यावर कुणीतरी वरून ‘अनुकरणीय’ असा शेरा मारला होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी तार आली. शेखभाऊंनी रस्त्यावरूनच हात हलवला. बोडीटोल्याची पाचही माणसं बाबूंच्या टेबलाभोवती उभी राहिली. सर्व्हर उघडला. ‘बोडीटोला’ नावाचं फोल्डर होतं. बाबूंनी ते उघडलं.

आत तीन अर्ज, एक ठराव आणि मोजणीच्या सॉफ्टवेअरचं एक चिन्ह. चिन्ह दाबलं की पडद्यावर यायचं, अशी फाईल अस्तित्वात नाही.

काय झालं असेल ते मला दोन मिनिटांत कळलं, आणि कळलेलं कुणाला सांगावं असं वाटेना. आमच्या करारात लिहिलं होतं, ‘डॉक्युमेंट्स’ या फोल्डरमधील फायलींची नक्कल घ्यावी. मी ती घेतली होती. पण मोजणीचं सॉफ्टवेअर आपल्या नोंदी तिथे ठेवतच नाही; डिस्कच्या दुसऱ्या कोपऱ्यात स्वतःच्या खोलीत ठेवतं. त्या खोलीचं दार मी उघडलं नव्हतं. माझ्या यादीत सातव्या ओळीत तिसऱ्या रकान्यात ‘नक्कल घेतली’ यावर निळ्या शाईची टिक होती. मी आयुष्यात केलेल्या सगळ्यांत सुबक टिकांपैकी ती एक असावी.

सर्व्हर हजर होता. तार हजर होती. देवाजींची सीमा तेवढी नव्हती.

मैनाबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी पदरानं पडद्यावरची धूळ पुसली, जणू खाली काहीतरी असेल.

“आता गोटे कोन दाखवन?” त्या म्हणाल्या. “बुढा तं गेला.”

बोरकुटे बाबू उठले. त्यांनी गावच्या माणसांना चहाला जायला सांगितलं, पैसे मी देतो म्हणाले. मैनाबाई गेल्या नाहीत. बाकावर जाऊन बसल्या. बाबूंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

“बाई, एक विचारू? तुमच्या लिस्टमंदी काय लिवान?”

मी म्हटलं, कशाचं?

“थे आधी सांगा.”

मी म्हटलं, जे असेल ते लिहीन. त्यांनी मान हलवली, म्हणजे हेच उत्तर येणार हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी ड्रॉवरमधून एक जुना कीबोर्ड काढला, टेबलाखाली वाकले, आणि मॉनिटरच्या बाजूचं एक बटण दाबलं.

टेबलाखालचा रिकामा डबा घरघरला.

त्या टेबलावर मी कित्येक वेळा बसले आहे. हिवाळ्यात तार गेली की तिथे पायांना ऊब लागायची. मला वाटायचं, खिडकी दक्षिणेला आहे. बाराही डबे मोजणारी मी, त्यातला एकही उघडून बघितला नव्हता, कारण ते रिकामे आहेत हे यादीत लिहिलं होतं. आणि यादी माझीच होती.

एका मॉनिटरला दोन तारा लागतात. एक बारक्याची, एक जाड्याची. तार असली की बाबू बारक्यावर. तार गेली की बटण दाबून जाड्यावर. तार आली की इकडचं वाचून तिकडे टाइप. हे माझं उत्तम नियोजन.

“तीन दिवस चाललो मी थ्या बुढ्यासंगं,” ते हळू आवाजात म्हणाले. “पायाले फोड आले. आन तुमी येऊन म्हनता, डिस्क काढा, पुसा. मले नाई जमलं. मी काढलीच नाई.”

मी विचारलं, मग दोन वर्षं सांगितलं का नाही? ते म्हणाले, तुमी पुसली असती. आणि पुसली असतीच. शिवाय सही घेतली असती.

पडद्यावर मोजणीचं सॉफ्टवेअर उघडलं. एकामागून एक नोंदी. अंक तर होतेच, पण प्रत्येक नोंदीला बाबूंनी नाव दिलं होतं, देवाजी त्या जागी जे म्हणाले ते जसंच्या तसं. ‘दोन फांद्यांचा मोवा’. ‘पेनाची जागा, इथी चपला काढाच्या’; पेन म्हणजे त्यांचा देव. ‘अस्वलाचा दगड’. ‘इथी बुढा पानी पेला’. मी मैनाबाईंना बोलावलं. त्यांना अक्षरं येतात, हळू येतात. बोट पडद्यावरून सरकवत त्यांनी एकेक नाव वाचलं. पाण्याच्या नोंदीवर बोट जरा थांबलं.

“थे लिवाची काय गरज होती?” त्या बाबूंना म्हणाल्या.

“थो बसला होता नं अर्धा घंटा. मले वाटलं, हेबी सीमेतच येते.”

एवढं बोलणं होईतो डिस्क टक टक करायला लागली होती. जुनी डिस्क असा आवाज करते तेव्हा तिचे दिवस भरलेले असतात; ढोलीला आतून कीड लागावी तसं. तीन वाजले होते. छापायला गेलो तर कार्यालयाचा प्रिंटर जाड्याचं ऐकेना. तो सर्व्हरचं ऐकतो, तशी व्यवस्था मीच केली होती. फाईल सर्व्हरवर चढवावी तर बारक्यांच्या पेन ड्राईव्हच्या खाचा बंद, त्याही मीच केलेल्या. शेवटी मी माझ्या पर्समधला पेन ड्राईव्ह त्या जाड्याला लावला, जे करू नये असं मी कैक लोकांना लेखी कळवलं आहे, आणि सगळं उतरवून घेतलं. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक जाड्या आहे, त्याच्यावर हार घातलेला असतो. त्यानं नकाशा आणि नोंदी छापल्या. शेखभाऊंनी गठ्ठा मोटारसायकलवरून वरच्या कार्यालयात नेला. पाचला बारा मिनिटं कमी असताना आवक क्रमांक पडला.

त्याआधी गावची माणसं चहा पिऊन आली तेव्हा बाबूंनी त्यांना सांगितलं, “बाईंनं जपून ठेवलं होतं. त्याहिच्याच पेन ड्राईव्हमंदी निघालं.” त्यांनी ते स्वतःला वाचवायला सांगितलं हे मला कळत होतं. सरकारी वस्तू लपवल्याबद्दल नोटीस आली असती, आणि निवृत्तीला त्यांची दोन वर्षं राहिली आहेत. बाकावर बसलेल्या मैनाबाईंना सगळं ऐकू गेलं होतं की नाही, ते मला आजही नक्की माहीत नाही. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

“बाई, तुमी जपलं,” त्या म्हणाल्या. “एक नक्कल आमाले द्या. कोठीत ठेवतो. चाब्या दोन हायेत.”

मी म्हटलं, आठ दिवसांत आणून देते. आणि दुसरं काही म्हटलं नाही. यादी करणाऱ्या माणसाला गप्प बसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही. तो विचाराधीन आहे, असं लेखी उत्तर आलं आहे. आलं हीच प्रगती. आमच्या बैठकीत मी आता यादीची शेवटची ओळ सावकाश म्हणते, आणि नक्कल घेताना सगळ्या डिस्कची घेते. बारक्यांच्या बाजूची मी अजूनही आहे. पण त्या अकरा डिस्का मनातून जात नाहीत. अकराही टिका सुबक आहेत. त्यांच्या पोटात आणखी कुणाची कोणती वाट होती ते आता कुणालाच सांगता येणार नाही. अजून कुणी विचारायला आलेलं नाही. पण बोडीटोल्याची माणसंही दोन वर्षं आली नव्हती.

सात नंबरचा डबा टेबलाखालीच आहे. माझ्या यादीत सातव्या ओळीत ‘डिस्क पुसली’ हे घर रिकामं आहे आणि साहेब दर महिन्याला विचारतात. मी सांगते, अप्राप्त.

पेन ड्राईव्ह माझ्या पर्समध्ये आहे. आठ दिवसांचे चार महिने झाले. कारणांची यादी केली आहे: एक, ऑगस्टात नाल्यावरचा रपटा पाण्याखाली होता. दोन, सप्टेंबरात तपासणी. तीन, एसटीची वेळ बदलली. तिन्ही खरी आहेत. पण आता रपटा उघडा आहे, तपासणी झाली, आणि वेळापत्रक मी पाठ केलं आहे. अडतं ते असं की हातात पेन ड्राईव्ह ठेवताना सांगावं लागेल की जपलं ते बाबूंनी, आणि मला डिस्क मिळाली असती तर मी पुसून, टिक करून, सही घेऊन मोकळी झाले असते. बाबूंना न अडकवता ते कसं सांगायचं, याचा मसुदा दोनदा केला. दोन्ही वेळा तो माझ्याच बाजूला झुकला.

तोवर बोडीटोल्याच्या कोठीची चाबी चंद्रपुरात, एका पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे. मैनाबाईंनी विचारलं होतं त्याचं सध्याचं उत्तर हे आहे.

वही क्रमांक एकोणीस, शेवटचं पान. बाकी कामे: एक. बोडीटोल्याला जाणे. नक्कल देणे. सांगणे.